अल्कोहोल-ड्रग टेस्टच्या धोरणात मर्यादा नेमकी किती लिहायची?

गेट_नं_२
नमस्कार मंडळी. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना आहे. फोर्कलिफ्ट, ओव्हरहेड क्रेन, पॉवर प्रेस, शिवाय माल पोचवणारे ड्रायव्हर. निम्मे कामगार कंत्राटी. मुख्य कार्यालयाकडून आलेल्या मसुद्यात ‘अल्कोहोल ०.०३, ड्रग्ज शून्य’ एवढीच ओळ आहे. हे टिकेल का? आणि सकाळी सहाच्या पाळीला आदल्या रात्रीची उतरलेली नसते, त्यांना कसं धरायचं?

फ्युएलसेल
०.०३ च्या पुढे एकक नाही, इथेच घोळ होणार. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये (दारू पिऊन गाडी चालवण्याबद्दलचं) मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिग्रॅ. टक्क्यांत लिहिली तर ०.०३. पण बरीच मशीन श्वासातलं प्रमाण दाखवतात, मिग्रॅ प्रतिलिटरमध्ये. रक्त आणि श्वासाचं गुणोत्तर २१०० धरलं की तिथे हीच मर्यादा ०.१४ च्या आसपास येते. मशीन या एककावर आणि गेटवरचा माणूस ०.०३ च्या हिशोबाने बसलेला, असं झालं तर रक्तातल्या जेमतेम ६ मिग्रॅवर कामगार घरी जाईल. म्हणून धोरणात ‘१०० मिली रक्तात इतके मिग्रॅ’ असं पूर्ण लिहा, शेजारी मशीनवर दिसणारा आकडा लिहा आणि मशीनचं एकक लॉक करून ठेवा.

मशीन फ्युएल सेलचंच घ्या, म्हणजे श्वासातल्या अल्कोहोलच्या रासायनिक क्रियेतून निघणारी वीज मोजणारं. स्वस्तातले सेमीकंडक्टर सेन्सर मधुमेह्याच्या किंवा कडक उपास केलेल्याच्या श्वासातल्या अ‍ॅसिटोनलाही दाद देतात. कॅलिब्रेशन कंपनीने सांगितलेल्या मुदतीत, सर्टिफिकेट फाइलला. नळी प्रत्येकाला नवी. सॅनिटायझरची बाटली टेबलावरून हलवा. ओल्या हातांनी मशीन धरलं की वाफेनेच आकडा चढतो.

पहिली फुंकर पॉझिटिव्ह आली की १५ मिनिटं माणसाला समोर बसवा. खाणं-पिणं, गुटखा, माउथवॉश काही नाही. त्यानंतर दुसरी फुंकर, आणि मोजायची ती दुसरीच. दशमूलारिष्ट, अश्वगंधारिष्ट यांत अल्कोहोल आपसूक तयार झालेलं असतं. नुकताच डोस घेतला असेल तर तोंडातलं अल्कोहोल पहिल्या फुंकरीत भरमसाठ दिसतं, पंधरा मिनिटांत ओसरतं. खरोखर प्यायलेल्याचा आकडा असा कोसळत नाही.

स्थायी_आदेश
एकच आकडा ठेवू नका, दोन पायऱ्या करा. माझ्या मते १०० मिली रक्तात १० मिग्रॅपर्यंत काहीच नाही, तेवढी जागा मशीनच्या फरकाला आणि औषधांना हवी. १० ते २९ ला त्या पाळीपुरतं क्रेन, प्रेस, फोर्कलिफ्ट, गाडी बंद. नोंद करायची, शिस्तभंग नाही. तेच वारंवार झालं तर लेखी ताकीद. ३० आणि वर असेल तर कारखान्याच्या चौकशीचं आरोपपत्र. ब्रिटनमध्ये वैमानिकांना २० ची मर्यादा आहे, म्हणजे जोखमीच्या कामाला रस्त्यापेक्षा कडक आकडा लावणं जगावेगळं नाही. दारूबंदी कायद्यातला ०.०५ टक्क्यांचा आकडा मात्र इथे आणू नका, त्याचा हेतू वेगळा.

आता कायद्याची बाजू. स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्याच्या प्रमाणित सेवानियमांत, गैरवर्तन म्हणून ‘नशेत असणे’ लिहिलेलं असतं. १२ मिग्रॅ म्हणजे नशा नव्हे, चौकशीत बचाव पक्ष हेच धरणार. त्यामुळे मर्यादा, चाचणीची पद्धत आणि चाचणीला नकार, हे तिन्ही स्वतंत्र कलमांत हवं. शिस्तीचे नवे नियम लावताना, ते स्थायी आदेशांत आधीच नसतील, तर २१ दिवसांची नोटीस लागते. ती चुकवली की युनियनला आयता मुद्दा मिळतो. नुसता ‘तोंडाला वास येत होता’ हा पंचनामाही पुरत नाही. तोल जाणं, बोलणं अडखळणं, बुबुळं मोठी होणं एवढ्यावरून दारूचा निष्कर्ष काढता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये एका अपघाताच्या खटल्यात म्हटलं आहे. दोन्ही प्रिंटआउट, वेळा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या एकत्र ठेवा. कंत्राटदाराच्या करारात हेच नियम जोडा, नाहीतर कायम कामगाराला ताकीद आणि कंत्राटीला त्याच दिवशी गेटबाहेर, असा अन्याय होतो.

सकाळच्या पाळीचा हिशोब सोपा आहे. रक्तातलं प्रमाण ताशी साधारण १५ मिग्रॅने उतरतं. रात्री १२ ला १२० असेल तर सहाला अजून ३०. कॉफी, लिंबूपाणी, आंघोळ, कशानेच वेग वाढत नाही. हे गणित पाळीच्या फलकावर लावा.

फॅक्टरी_डॉक्टर
‘ड्रग्ज शून्य’ ही ओळ काढाच. प्रयोगशाळेत शून्य मोजत नाहीत, कटऑफ असतो, म्हणजे ज्या आकड्यापासून पुढे निकाल पॉझिटिव्ह धरतात तो. गांजासाठी लघवीच्या झटपट चाचणीच्या पट्टीवर ५० नॅनोग्रॅम प्रति मिली, आणि पक्क्या तपासणीत १५. अफूवर्गात बाजारातल्या बऱ्याच पट्ट्या ३०० च्या असतात, त्या घेऊ नका. २००० ची घ्या. दिवाळीत अनारसे, खसखशीची खीर खाल्लेला माणूस ३०० वर मॉर्फिन पॉझिटिव्ह येऊ शकतो. अमेरिकेने सरकारी चाचण्यांचा कटऑफ ३०० वरून २००० केला तो खसखशीमुळेच. कोडीनचं खोकल्याचं औषधही याच रकान्यात उमटतं.

पट्टी हा निकाल नव्हे. तोच नमुना एन.ए.बी.एल. (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जी.सी.-एम.एस. किंवा एल.सी.-एम.एस. या नेमका पदार्थ ओळखणाऱ्या तपासणीला जायला हवा. नमुना कामगारासमोर दोन बाटल्यांत सील करा. दुसरी त्याने मागितली तर तपासायची. चार मिनिटांच्या आत तापमान ३२ ते ३८ अंश सेल्सिअस भरलं नाही तर नमुना बदलल्याची शंका घ्या. क्रिएटिनिन (लघवीत नेहमी असणारा टाकाऊ घटक) २० मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या खाली आणि विशिष्ट घनताही १.००३ च्या खाली असेल तर नमुना पातळ आहे, पुन्हा घ्या.

गेट_नं_२
खूप आभार, मसुदा नव्यानेच लिहावा लागणार. एकच शंका: गांजा पॉझिटिव्ह आला, पण माणूस कामावर ठणठणीत आहे, तर?

फॅक्टरी_डॉक्टर
लघवीत सापडतो तो गांजाचा निकामी झालेला अंश. एकदाच ओढणाऱ्याच्या लघवीत तो काही दिवस राहतो, रोज ओढणाऱ्याच्या कित्येक आठवडे. तेवढ्यावर ‘कामावर नशेत होता’ असं लिहिता येत नाही. भांग आणि गांजा यांतला फरकही लघवीत कळत नाही, होळीनंतरच्या आठवड्यात हे ध्यानात ठेवा. कामावर असतानाची नशा शोधायची असेल तर लाळेची चाचणी लघवीपेक्षा बरी, ती शेवटच्या काही तासांचं सांगते. लघवीचा निकाल आला तर क्रेनवरून तात्पुरतं उतरवा, समुपदेशनाला पाठवा, महिन्याभराने पुन्हा तपासा. कामगार कोणती औषधं घेतो ते मात्र फक्त डॉक्टरकडे राहू द्या. अल्प्राझोलाम (चिंतेवरचं, बेन्झोडायझेपिन गटातलं औषध) चालू असलेला माणूस सुपरवायझरला ते कळेल या भीतीने लपवतो, आणि मग पट्टीवर बेन्झोडायझेपिन उमटलं की नाहक आरोपपत्र निघतं.