स्लॅटचं मॉडेल १२ मिमी सरकून जाम होतंय, ट्रॅक कुठे चुकलाय?

मिरज_मेक_डिप्लोमा

नमस्कार. मिरजेजवळच्या एका पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या चौघांच्या ग्रुपने प्रोजेक्टला विमानाच्या पंखाचा स्लॅट घेतलाय. उतरताना पंखाची पुढची कड पुढे-खाली सरकते आणि मागे फट पडते, तोच भाग. चालतं मॉडेल करायचं ठरवलं आणि आता त्यातच अडकलोय.

माहिती देतो. ६ मिमी प्लायच्या रिब, वर अॅल्युमिनियमचा पत्रा. स्लॅटची लांबी ९०० मिमी. ६०० मिमी अंतरावर दोन वक्र ट्रॅक, ५ मिमी एमएस प्लेटमधून लेझर कटिंग करून घेतलेले, दोन्हींची त्रिज्या २४० मिमी. प्रत्येक ट्रॅकला चार ६०८ बेअरिंग, दोन वर, दोन खाली. एकूण सरक ९० मिमी हवी आहे. पंख खऱ्यासारखा दिसावा म्हणून पुढची कड १५ अंश मागे झुकवलीय. डाव्या ट्रॅकला थ्रेडेड रॉड आणि वायपर मोटर.

एकेक ट्रॅक वेगळा लावला की स्लॅट लोण्यासारखा सरकतो. दोन्ही लावले की १२ मिमी जातो आणि जाम. त्या वेळी उजवं टोक वर उचलल्यासारखं होतं आणि प्लाय करकरतो. ग्रीस लावलं, बेअरिंग बदलली, रोलरमध्ये १ मिमी खेळ ठेवून पाहिला. फरक शून्य. मध्ये येत होता म्हणून ट्रॅकच्या मागच्या टोकाचा स्टॉपरही काढून टाकला. सर म्हणतात ट्रॅक घासून बारीक करा. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरच्या परीक्षकांची परीक्षा, तीन आठवड्यांवर आलीय. घासू का?

शिरोलीकर

घासू नकोस. एकदा घासलेला ट्रॅक परत मिळत नाही.

माझं फॅब्रिकेशनचं काम आहे, विमानातलं कळत नाही, पण हा रोग ओळखीचा आहे. रुंद आणि उथळ ड्रॉवर एका कोपऱ्याला धरून ओढला की तिरका होऊन अडकतो. तुझी मोटर फक्त डावीकडे आहे, म्हणजे डावं पुढे आणि उजवं मागे राहणारच. दोन्ही ट्रॅकला ओढ दे. मधून एक शाफ्ट काढ, दोन्हीकडे सारखे पिनियन (छोटी दातेरी चाकं) बसव आणि ट्रॅकला रॅक (दातेरी पट्टी) लाव. आणि दोन्ही ट्रॅक एकमेकांना समांतर आहेत ना, ते कर्ण मोजून बघ.

मिरज_मेक_डिप्लोमा

समांतर आहेत, अर्धा मिमीच्या आत. मोटर काढून दोघांनी दोन टोकांना हातानेही सारखं ढकलून पाहिलं. तेव्हाही १२–१३ मिमीलाच अडकतं.

निवृत्त_एएमई

दोघांनी हाताने ढकलून पाहिलंत हे फार चांगलं केलंत, त्यामुळे मोटरचा प्रश्न बाजूला झाला. मला एकच सांग. ट्रॅक कोणत्या दिशेत बसवलेत? पंखाच्या पुढच्या कडेला काटकोनात, की विमान ज्या दिशेने उडतं त्या दिशेत?

मिरज_मेक_डिप्लोमा

उडायच्या दिशेत, काका. पंखाखाली ते होडीसारखे लांबट फुगवटे असतात ना, ते सगळे सरळ मागे गेलेले दिसतात. फोटो बघून तसंच ठेवलं.

निवृत्त_एएमई

मग दोष सापडला. बाकी तुमचं काम नीट झालेलं आहे, ते आधी सांगतो.

ते फुगवटे फ्लॅपचे, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या सरकत्या भागाचे. त्यात फ्लॅपचा आधार आणि यंत्रणा असते, आणि ते उघड्या हवेत असतात म्हणून हवेच्या दिशेत ठेवावे लागतात. पुढच्या स्लॅटचे ट्रॅक पंखाच्या पोटात दडलेले असतात आणि साधारण पुढच्या कडेला काटकोनात बसवलेले असतात. फोटोत ते दिसत नाहीत, म्हणून तुमची गफलत झाली.

पण काटकोनातच का, ते समजून घे, कारण एक्स्टर्नल तेच विचारणार. घराचं दार आठव. त्याला दोन बिजागऱ्या असतात आणि दोन्हींच्या पिना एका सरळ रेषेत असाव्या लागतात. सुताराने एक पिन अर्धा इंच बाहेर बसवली तर दार थोडं हलेल आणि कुरकुरून थांबेल. कितीही तेल घाला. वक्र ट्रॅक ही बिजागरीच आहे. फरक एवढाच की तिची पिन लोखंडाची नाही. ती हवेत, वर्तुळाच्या केंद्रात आहे. तुझ्या मॉडेलमध्ये ट्रॅकपासून २४० मिमीवर, पंखाच्या खाली. दोन ट्रॅक म्हणजे दोन बिजागऱ्या, आणि त्यांच्या न दिसणाऱ्या पिना एकाच रेषेत यायला हव्यात. ती रेषा दोन्ही ट्रॅकना काटकोनातही हवी.

आता तुझे आकडे घालू. कड १५ अंश मागे झुकलेली, ट्रॅकमध्ये ६०० मिमी अंतर. उजवा ट्रॅक डाव्यापेक्षा ६०० गुणिले साइन १५, म्हणजे जवळपास १५५ मिमी मागे आहे. त्याचं केंद्रही तेवढंच मागे. म्हणजे एका बिजागरीची पिन दुसरीपेक्षा १५५ मिमी सरकलेली! स्लॅट १२ मिमी पुढे गेला की १२ भागिले २४०, म्हणजे ०.०५ रेडियन वळतो. तेवढ्यात उजव्या टोकाला पावणेआठ मिमी वर जायचं असतं आणि त्याचा स्वतःचा ट्रॅक जाऊ देत नाही. तुला टोक उचललेलं दिसलं ते हेच. पूर्ण ९० मिमी गेला असता तर हा फरक ५७ मिमीच्या आसपास झाला असता. १ मिमीचा खेळ देऊन किंवा ट्रॅक घासून हे कधीच सुटलं नसतं. १२ मिमीपर्यंत गेला तोच प्लाय वाकला म्हणून.

उपाय: दोन्ही ट्रॅक पुढच्या कडेला काटकोनात फिरवून बसव. मग दोन्ही केंद्रांना दोन खिळे धर आणि गवंडी लावतो तसा ताणून दोरा बांध. तो दोरा पुढच्या कडेला समांतर आणि दोन्ही ट्रॅकना गुण्यात बसला पाहिजे. रिब तिरप्या राहिल्या तरी चालेल, ट्रॅकला वेगळा ब्रॅकेट दे.

दुसरं, रोलर. आम्ही सांताक्रूझच्या हँगरात रात्रपाळीला ही कामं करायचो. रोलर ज्या पिनवर फिरतो ती पिन एक्सेंट्रिक, म्हणजे केंद्रापासून जरा सरकलेली ठेवतात. पाना लावून थोडी फिरवली की रोलर केसभर वर किंवा खाली येतो, आणि ट्रॅक–रोलरमधला खेळ फिलर गेजने मोजून लॉक करायचा. मी नवा असताना एकदा रोलर घट्ट ठेवला, कारण हाताला ठाकठीक लागत होतं. माझ्या सीनियरने स्लॅट पूर्ण बाहेर काढायला लावला आणि त्या शेवटच्या जागी रोलर बोटाने फिरवून दाखवायला सांगितला. फिरेना. ट्रॅक सगळीकडे सारख्या जाडीचा नव्हता, दोन-तीन शतांश मिलिमीटरचा फरक होता. तेव्हापासून मी खेळ एका जागी कधी मोजला नाही. आत, मध्ये आणि बाहेर, तिन्ही ठिकाणी मोजायचा. तूही ६०८ बेअरिंगच्या खालच्या जोडीला असा एक्सेंट्रिक बुश करून घे. शिरोलीकरांसारखा कुणीही लेथवाला तासाभरात देईल.

ब्रेमेनहून

मूळचा साताऱ्याचा, इथे ब्रेमेनला हाय-लिफ्टच्या, म्हणजे स्लॅट-फ्लॅपच्या कामात आहे. एअरबसच्या पंखांचं हाय-लिफ्टचं काम इथल्या कारखान्यात होतं, त्यामुळे हा विषय रोजचा. वरचं निदान बरोबर आहे. थोडी भर घालतो.

ट्रॅक काटकोनात घेतल्यावरही एक अडचण उरेल. दोन्ही ट्रॅकना डावी-उजवीकडून घट्ट धरलंत तर मॉडेल हिवाळ्यात चालेल आणि मे महिन्यात अडकेल. खऱ्या पंखात हे फार मोठं असतं. उड्डाणात पंख वर वाकतो, बाहेर उणे ५० अंश सेल्सियस असतं, आणि स्लॅट व स्पार (पंखाची आतली मुख्य तुळई) सारखे वाकत-आकसत नाहीत. म्हणून आडवं धरून ठेवायचं काम एकाच ट्रॅकला देतात. तिथे बाजूचे रोलर किंवा पॅड असतात. बाकीचे ट्रॅक वर-खाली घट्ट, पण आडवे मोकळे. स्लॅटशी जोडही गोलाकार बेअरिंगची किंवा लिंकची, म्हणजे थोडं फिरायला वाव राहतो. तुमच्याकडे डावा ट्रॅक मुख्य ठेवा आणि उजव्याच्या स्लॅटकडच्या बोल्टला आडवं लांबट भोक द्या. २ मिमी पुरे. माझ्या मते या सगळ्या यंत्रणेतली अवघड गोष्ट हीच आहे: कुठे धरायचं नाही ते ठरवणं. नवे इंजिनिअर सगळीकडे धरतात.

पंख टोकाकडे निमुळता असेल तर त्रिज्याही निमुळत्या होतात. अक्ष मात्र सगळ्यांचा एकच. तुमचा निमुळता नाही, सोडून द्या.

एक्स्टर्नल विचारतील की साधी बिजागरीच का नाही. ती असते. बोइंग ७३७ ला इंजिन आणि विमानाचं अंग यांच्या मधल्या भागात क्रूगर फ्लॅप असतात, ते खालून बिजागरीवर उघडतात. ए३५० च्या पंखाच्या आतल्या भागात पुढची कड नुसती खाली झुकते, फट पडत नाही. पण फट पाडणाऱ्या स्लॅटचं केंद्र वर म्हटल्याप्रमाणे पंखाखाली हवेत येतं. तिथे खरी पिन लावायची तर उघड्या हवेत दांडा लोंबेल. वक्र ट्रॅकमुळे तीच चाल मिळते आणि बंद झाल्यावर सगळं आत जातं.

शाफ्टबद्दल शिरोलीकर अगदी बरोबर. ए३२० ला दोन हायड्रॉलिक मोटरी मिळून एक लांब शाफ्ट फिरवतात, तो दोन्ही पंखांत जातो, आणि ट्रॅकजवळ रोटरी अॅक्च्युएटरचा पिनियन ट्रॅकमधल्या रॅकला चालवतो. शाफ्ट कुठे तुटला तर पंखाच्या टोकाजवळचा ब्रेक सगळं जागीच धरतो. हा ब्रेक शोभेचा नाही. २५ मे १९७९ ला शिकागोत डीसी-१० चं डावं इंजिन उड्डाण घेतानाच निखळलं आणि हायड्रॉलिक नळ्या तुटल्या. त्या विमानात बाहेर काढलेले स्लॅट अडकलेल्या तेलाच्या दाबावरच टिकून होते. तेल गेलं, आणि हवेने डाव्या पंखाचे बाहेरचे स्लॅट आत ढकलले. एकाच पंखाची उचल गेली. २७३ माणसं गेली. त्यामुळे मोटर बंद असताना तुमचा स्लॅट हाताने ढकलून आत जातो का, हे जरूर दाखवा. थ्रेडेड रॉड असेपर्यंत जाणार नाही. रॅक-पिनियन केलंत तर मोटरच्या बाजूला वर्म ठेवा, म्हणजे उलटा न फिरणारा स्क्रूसारखा गिअर.

मिरज_मेक_डिप्लोमा

शनिवार-रविवार दोन्ही दिवस वर्कशॉप उघडून घेतलं. ट्रॅक काटकोनात फिरवले, दोरा लावला. पहिल्यांदा दोरा उजव्या ट्रॅकला गुण्यात नव्हता, ब्रॅकेटखाली ०.८ मिमीची शिम (पातळ पत्र्याची चकती) टाकली. मग दोघांनी ढकलला आणि स्लॅट पूर्ण ९० मिमी गेला! पुन्हा आत, पुन्हा बाहेर, वीस वेळा. उजव्या ट्रॅकला लांबट भोक केलं. त्याआधी उजव्या रोलरवर बाजूने चकाकणारी रेघ पडत होती, ती आता पडत नाही. शाफ्ट अजून व्हायचाय, तोवर डावीकडची मोटर लावली तर ७० मिमीनंतर थोडं तिरकं होतं. सरांना बिजागरीची गोष्ट सांगितली, त्यांनी लगेच वर्गाच्या दारावर दाखवली.

स्टॉपर अजून लावलेला नाही. तो नसला तरी सरकणं छान होतंय. तसाच ठेवू का?

निवृत्त_एएमई

वाचून फार आनंद झाला. ०.८ ची शिम शोधलीत म्हणजे हात बसला.

स्टॉपर मात्र आजच लाव. स्लॅट प्रमाणाबाहेर बाहेर पडू नये म्हणून ट्रॅकच्या मागच्या टोकाला तो असतो. त्याचं महत्त्व सांगतो.

पंखाचा पुढचा स्पार म्हणजेच इंधनटाकीची पुढची भिंत. स्लॅट बंद झाला की ट्रॅकची शेपटी त्या भिंतीतून मागे, टाकीच्या हद्दीत जाते. म्हणून प्रत्येक ट्रॅकसाठी टाकीत एक बंद डबा असतो. ट्रॅक डब्यात, इंधन डब्याबाहेर. मध्ये फक्त पातळ पत्रा. २० ऑगस्ट २००७ ला तैपेईहून आलेलं चायना एअरलाइन्सचं ७३७-८०० ओकिनावाच्या नाहा विमानतळावर उतरून जागेवर लागलं. उजव्या पंखाच्या ५ नंबरच्या स्लॅटच्या ट्रॅकवरचा डाउनस्टॉपचा, म्हणजे याच स्टॉपरचा, बोल्ट आणि नट निखळून डब्यात पडले होते. काही आठवडे आधी झालेल्या दुरुस्तीनंतर तिथला वॉशर जागेवर नव्हता, आणि नट भोकापेक्षा लहान असल्याने सगळंच निसटलं. उतरल्यावर स्लॅट आत घेतला तेव्हा ट्रॅकच्या शेपटीने तो बोल्ट डब्याच्या पत्र्यातून आरपार ढकलला. इंधन गळून गरम इंजिनापाशी गेलं आणि विमान पेटलं. १६५ जण उतरले, सगळे वाचले. विमान जळून गेलं.

त्यानंतर अमेरिकेच्या एफएएने (तिथली विमान-सुरक्षेची सरकारी संस्था) तातडीचा तपासणी आदेश काढला. आमच्याकडेही त्या दिवसांत एकेका ट्रॅकच्या डब्यात बोअरस्कोप, म्हणजे नळीच्या टोकाचा छोटा कॅमेरा, घालून बघणं चाललं. बाहेर पाऊस, आत मी गुडघ्यावर बसून त्या छोट्या पडद्यावर नट शोधतोय आणि जोडीदार टॉर्च धरून आकडा लिहून घेतोय. प्रत्येक डब्यात आधी नट, मग त्याच्यामागे वॉशरची कडा. ती चकतीची बारीक कडा दिसली की मी मोठ्याने ‘आहे’ म्हणायचो आणि तो टिक करायचा. तो आवाज अजून कानात आहे.

तुझ्या मॉडेलमध्ये इंधन नाही, तरी सवय आताच लागते. स्टॉपर लाव, नट भोकापेक्षा मोठा घे, खाली वॉशर घाल, आणि नट ढिला होऊ नये म्हणून नायलॉक (आत नायलॉनची रिंग असलेला नट) वापर. मग फोटो टाक. स्लॅटचा पुढून नको, ट्रॅकच्या मागच्या टोकाचा टाक, वॉशरची कडा दिसेल असा.

मिरज_मेक_डिप्लोमा

एम६ चे नायलॉक आणि मोठे वॉशर दुपारी आणले. दोन्ही ट्रॅकला लावलेत. उजेड कमी आहे, पण कडा दिसतेय, काका. फोटो जोडतोय.

निवृत्त_एएमई

डावा: आहे. उजवा: फोटो हललाय, परत काढ.