क्लॅन डोनाल्ड या स्कॉटिश कुळाचा मूळपुरुष नॉर्स (स्कँडिनेव्हियन) की गेलिक (आयरिश-स्कॉटिश)? गलबत, शिलालेख आणि धागादोरा या तिघांची चर्चा

गलबत
माझं मत सरळ आहे. क्लॅन डोनाल्डच्या पारंपरिक वंशावळी कुळाचा बाराव्या शतकातला मूळपुरुष सॉमरलेड याला आयर्लंडच्या दंतकथेतल्या कोला उअस राजामार्गे ‘शंभर लढायांच्या’ कॉन राजापर्यंत नेतात. ही मागाहून जोडलेली कडी आहे. सॉमरलेड हे नावच नॉर्स, अर्थ ‘उन्हाळ्यात समुद्रावर निघणारा’. त्यात एकविसाव्या शतकात पाच शाखाप्रमुखांच्या वाय-गुणसूत्राची तपासणी झाली. पाचही जण आर-वन-ए या एकाच गटात (एकाच पुरुष पूर्वजाच्या वंशजांच्या गटात) निघाले. हा गट नॉर्वेत भरपूर, आयर्लंडमध्ये दुर्मीळ. वाय-गुणसूत्र बापाकडून मुलाकडेच जातं, म्हणजे मूळपुरुष नॉर्स. विषय संपला.

शिलालेख
संपला नाही. सॉमरलेडच्या बापाचं नाव गिलब्रीड, आजोबांचं गिलआदमनान. दोन्ही गेलिक, दोन्हींत संतांची नावं: ब्रीडचा सेवक, आदमनानचा सेवक. ‘उन्हाळी दर्यावर्दी’ हे नाव गेलिक बोलणाऱ्या घरात ठेवलं गेलं. नॉर्स लोक स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या हेब्रिडीज बेटांवर साधारण इ. स. 800 पासून होते, सॉमरलेड 1164 मध्ये रेनफ्रूजवळ मारला गेला. मधल्या साडेतीनशे वर्षांत कुठल्याही पिढीत एक नॉर्स बाप आला की आजचा निकाल हाच येणार. दहा पिढ्या मागे गेलं तर पूर्वजांच्या 1024 जागा होतात. वाय-गुणसूत्र त्यातल्या एकाच जागेबद्दल बोलतं.

गलबत
पण कुळाच्या प्रमुखपदाचा दावा त्याच एका ओळीवर उभा होता ना? मग तपासायची तीच ओळ.

धागादोरा
तपासणीतली एक खोच दोघांच्याही नजरेतून सुटली आहे. त्या पाच प्रमुखांच्या शाखा एकत्र येतात त्या सॉमरलेडपाशी नव्हे, त्याचा नातू डोनाल्ड याच्यापाशी (मॅकअ‍ॅलिस्टर शाखा डोनाल्डच्याच एका मुलाची). म्हणजे नुसत्या त्या पाच नमुन्यांवरून डोनाल्डपर्यंतच पोचता येतं. सॉमरलेडपर्यंत जायचं तर सॉमरलेडचाच आणखी एक मुलगा डुगल्ड याच्या मॅकडुगल शाखेतही तोच गट सापडायला हवा. तो तिथे सापडला, म्हणून सॉमरलेडचं नाव घेता येतं.

आणि आडनाव मॅकडोनाल्ड म्हणून कोणी चाचणी करणार असेल तर आधी हे वाचा. बहुसंख्य मॅकडोनाल्ड पुरुषांत हा गट नाहीच, कारण प्रमुखाच्या आश्रयाला आलेल्या कुळांनी त्याचं नाव घेतलं. फक्त 12 मार्करांची (वाय-गुणसूत्रावरच्या मोजायच्या जागांची) चाचणी स्वस्त पडायची, पण त्यात परक्या माणसांशीही खोट्या जुळण्या दिसतात. निदान 37 घ्या, जास्त असतील तर उत्तम. शाखा ठरवायची तर त्यापुढची एस-एन-पी (डीएनएतला एकेका अक्षराचा बदल शोधणारी) चाचणी लागतेच. लाळेवरून टक्केवारी सांगणारी घराण्याची सर्वसाधारण चाचणी इथे कामाची नाही. साडेआठशे वर्षांत तो वारसा पिढीगणिक निम्मा होत केव्हाच विरून गेलेला असतो.

शिलालेख
मॅकडुगलचा मुद्दा मान्य, रक्ताची ओळ नॉर्स हेही मान्य. पण ‘उगम’ म्हणजे फक्त रक्त का? ‘क्लॅन’ हा शब्दच गेलिक, अर्थ ‘मुलंबाळं’. सॉमरलेडची राजकीय बाजूही बघा. 1164 मध्ये त्याने आयर्लंडमधल्या डेरीच्या मठाधिपतीला हेब्रिडीजमधल्या आयोना मठाचं प्रमुखपद देऊ केलं. नॉर्स राजा नव्हे, आयरिश मठ त्याला हवा होता.

गलबत
आणि बायको? राग्नहिल्ड, मॅन बेटाच्या नॉर्स-गेलिक राजाची मुलगी. त्याच नात्याच्या बळावर त्याने बेटांवर हक्क सांगितला. 1158 मध्ये 53 जहाजं घेऊन तो मॅनवर उतरला. शेवटच्या मोहिमेत त्याच्यासोबत अर्गाइल, किनटायर, बेटं आणि डब्लिनच्या परक्यांचीही (म्हणजे नॉर्सांचीही) माणसं होती, असं आयरिश बखरी सांगतात. मुलांची नावं बघा: डुगल्ड म्हणजे ‘काळा परका’, आणि राग्नाल्ड तर सरळ नॉर्स.

शिलालेख
तिसरा मुलगा अँगस, तो पूर्ण गेलिक. आणि ‘डुगल्ड’चा अर्थ जरी परक्याचा असला तरी शब्द गेलिकच आहे, हे विसरू नका.