क्लच दाबल्यावर येणारी घरघर: पायलट बेअरिंग की रिलीज बेअरिंग?

प्रश्न

माझी गाडी जुनी, मागच्या चाकांवर चालणारी आणि मॅन्युअल गिअरबॉक्सची आहे. गाडी उभी असताना क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकला की घरघर सुरू होते आणि पेडल सोडून गाडी पुढे निघाली की ती थांबते. रिव्हर्स टाकतानाही अनेकदा दाते घासल्याचा आवाज येतो. रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग, गेले असावे, असे मला सांगण्यात आले आहे; परंतु गिअरबॉक्स उतरवण्याआधी दोष नेमका कोठे आहे हे कसे ओळखावे? आणि तो पायलट बेअरिंगचा निघाला, तर ते बदलताना कोणती काळजी घ्यावी?

उत्तर १

आपण दिलेल्या वर्णनावरून माझा संशय पायलट बेअरिंगवरच आहे. हे बेअरिंग क्रँकशाफ्टच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या टोकात, काही गाड्यांत त्याला जोडलेल्या जड चाकाच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या, मध्यभागी बसवलेले असते आणि क्लचकडून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या इनपुट शाफ्टचे पुढचे टोक त्यात टेकलेले असते. पेडल सोडलेले असताना क्रँकशाफ्ट आणि इनपुट शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे बेअरिंग कितीही झिजलेले असले तरी ते गप्प राहते. पेडल दाबून गिअर टाकला आणि गाडी जागेवर उभी असली, की इनपुट शाफ्ट उभ्या चाकांशी जोडला जाऊन थांबतो, क्रँकशाफ्ट मात्र फिरतच राहतो. दोघांच्या वेगातला हा सारा फरक त्या लहानशा बेअरिंगला सोसावा लागतो.

तपासणीही याच तत्त्वावर करावी. इंजिन मंद गतीवर ठेवून गिअर न्यूट्रलमध्ये घ्यावा. पेडल सोडलेले असताना आवाज येत असेल आणि दाबल्यावर तो जात असेल, तर दोष बहुधा गिअरबॉक्समधील इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा असतो. पेडल दाबताच, म्हणजे क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचा भार बेअरिंगवर येताच, आवाज सुरू झाला आणि न्यूट्रल असो वा गिअर, तो तसाच राहिला, तर रिलीज बेअरिंग. न्यूट्रलमध्ये पेडल दाबून ठेवल्यावर आवाज नसेल किंवा क्षणभराने, शाफ्टचा वेग उतरल्यावर, येत असेल आणि गिअर टाकताच वाढत असेल, तर पायलट बेअरिंग. गिअर टाकून पाहताना समोर मोकळी जागा असावी आणि हँडब्रेक ओढलेला असावा.

उत्तर २

रिव्हर्सच्या तक्रारीविषयी थोडे लिहितो. पायलट बेअरिंग जाम होऊ लागले की पेडल दाबून क्लच सुटा झाला तरी ते इनपुट शाफ्टला क्रँकशाफ्टबरोबर ओढत राहते. रिव्हर्सला बहुतेक जुन्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोनायझर, म्हणजे दाते जुळण्याआधी वेग सारखे करणारा भाग, नसतो, त्यामुळे फिरता शाफ्ट तेथे प्रथम जाणवतो. मात्र क्लचच्या हायड्रॉलिक भागात हवा शिरली किंवा पेडलची चाल कमी पडली, तरी हेच लक्षण दिसते. ते आधी तपासावे, कारण त्यासाठी काहीच उतरवावे लागत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

आपल्या सूचनेनुसार तपासले. न्यूट्रलमध्ये दोन्ही स्थितींत शांतता आहे, गिअर टाकताच घरघर येते. हायड्रॉलिक भागात दोष आढळला नाही. आता गिअरबॉक्स उतरवायचे ठरवले आहे.

उत्तर १

मग काम सुरू करण्यापूर्वी आपल्या गाडीत पायलटच्या जागी काय आहे ते पाहावे. ते बॉल बेअरिंग, नीडल बेअरिंग (सुईसारख्या बारीक रोलरांचे) किंवा तेल शोषलेल्या सच्छिद्र ब्राँझचे बुश, म्हणजे साधी नळीसारखी बाही, असू शकते. बुश काढण्याची जुनी युक्ती अशी की त्यामागची पोकळी ग्रीसने भरायची आणि छिद्रात अगदी घट्ट बसणारा दांडा हातोडीने ठोकायचा; ग्रीस दाबाखाली बुशला मागून बाहेर ढकलते. नीडल बेअरिंगला ही युक्ती मला पटत नाही, कारण ग्रीस रोलरांमधून निसटते आणि पातळ कवच तुटून आत अडकण्याची भीती राहते. त्याऐवजी आतून पकडणारा, सरकत्या वजनाचा पुलर वापरावा.

नवे बेअरिंग बसवताना जोर नेहमी बाहेरच्या कड्यावर द्यावा. आतल्या कड्यावर ठोकलेले बॉल बेअरिंग बसवतानाच निकामी होते. एका बाजूला सील असलेले नीडल बेअरिंग असेल, तर सीलची बाजू गिअरबॉक्सकडे ठेवावी आणि किती खोल बसवायचे ते त्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत पाहावे. सच्छिद्र ब्राँझच्या बुशला ग्रीस लावू नये, कारण त्याने छिद्रे बुजतात. बसवण्यापूर्वी ते इंजिन ऑइलमध्ये भिजवावे.

इनपुट शाफ्टचे टोक बोटाने चाचपून पाहणे विसरू नये. त्यावर खोबण पडली असेल किंवा पृष्ठभाग खरखरीत झाला असेल, तर नवे बेअरिंग, विशेषतः नीडल प्रकारचे, फार टिकणार नाही, कारण तेथे रोलर थेट शाफ्टच्या पृष्ठभागावरच फिरतात.

उत्तर ३

बेअरिंग का झिजले, हेही शोधावे. बेलहाउसिंग (गिअरबॉक्सच्या पुढचे, क्लच झाकणारे आवरण) आणि इंजिन यांना एका रेषेत ठेवणाऱ्या डॉवेल पिना मागच्या दुरुस्तीत हरवल्या असतील, तर शाफ्ट तिरपा बसतो आणि नवे बेअरिंगही लवकर जाते. गिअरबॉक्स परत चढवताना त्याचे वजन क्लच प्लेटच्या हबवर, म्हणजे मधल्या भागावर, लटकू देऊ नये. खाली जॅकचा आधार द्यावा आणि प्लेट मध्यावर आणण्याचे साधन वापरावे. बेलहाउसिंग इंजिनला पूर्ण टेकत नसेल, तर बोल्ट आवळून ते ओढून घेऊ नये, कारण तसे करताना नवे पायलट बेअरिंग तुटते किंवा प्लेटचा हब वाकतो. गिअरबॉक्स मागे घेऊन प्लेट पुन्हा मध्यावर आणावी.