मालवणात स्नॉर्केलिंग आणि स्कुबा: प्रवाळाला इजा न करता कसं करायचं?

समुद्रवेडी
डिसेंबरात सहकुटुंब तारकर्लीला जातोय. माझा ओपन वॉटर (स्कुबाचा पहिला) कोर्स झालाय, पण बरेच दिवस पाण्यात उतरले नाही. सासूबाईंना पोहता येत नाही, मुलगा ९ वर्षांचा. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांवर प्रवाळ आहे म्हणे. हात लावायचा नाही हे माहीत आहे, पण त्यापलीकडे नेमकं काय पाळायचं? होडीवाल्याला आधी काय विचारू?

खडपकर
आधी तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जास्त आणि पाणी गढूळ. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी असते, तेव्हा त्यामानाने निवळ. त्यातही भरती पूर्ण व्हायच्या सुमारास उतरा. सुकतीला (ओहोटीला) खडकावर पाणी कमी उरतं, आणि सैल लाइफ जॅकेट काखेत सरकलं की माणूस उभा राहतो, पाय थेट प्रवाळावर. पट्टे घट्ट आवळा, आडवं तरंगा. पाणी छातीपेक्षा उथळ दिसलं तर वळसा घाला.

लोक पाय टेकवतात त्याचं मूळ बहुतेक वेळा मास्कमध्ये असतं. आत पाणी शिरतं, माणूस घाबरतो, उभा राहतो. म्हणून किनाऱ्यावरच तपासा: पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने श्वास आत ओढा. हात सोडल्यावर मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. कडेखाली केस नकोत. सासूबाईंना कमरेएवढ्या पाण्यात, वाळूवर, १० मिनिटं नुसतं स्नॉर्केलच्या नळीतून तोंडाने श्वास घ्यायला लावा, मगच होडीत बसवा. मुलालाही स्नॉर्केलिंगच, पॅडी या डायव्हिंग संस्थेच्या नियमात ट्राय डाइव्हला (कोर्स न करता प्रशिक्षकासोबत स्कुबा) १० वर्षं पूर्ण लागतात.

शून्य_गुरुत्व
समुद्रवेडी, तुमच्यासाठी वजनाचा मुद्दा. खंडानंतर लोक भीतीपोटी कमरेच्या पट्ट्यावर (बुडण्यासाठी लावायचं) जादा वजन घेतात. मग ते पेलायला बीसीडीत (हवा भरून तरंगणं सांभाळायच्या जॅकेटात) हवा भरावी लागते, छाती वर आणि पाय खाली जातात, आणि फिनच्या प्रत्येक फटक्याला गाळ उडतो. मालवणात गाळ मुळातच भरपूर. तो पॉलिपवर (प्रवाळाच्या इवल्या जिवांवर) बसला की झटकण्यासाठी प्रवाळाला श्लेष्मा सोडत बसावं लागतं, शक्ती त्यातच जाते.

तपासणी अशी: पृष्ठभागावर बीसीडी पूर्ण रिकामं करा, नेहमीचा श्वास धरून स्थिर राहा. पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं, श्वास सोडल्यावर हळू बुडायला हवं. सिलिंडर भरलेला असेल तर त्यावर साधारण २ किलो वाढवा, कारण ११ लिटरच्या सिलिंडरमधली तेवढ्या वजनाची हवा डाइव्हमध्ये संपते आणि शेवटी तुम्ही हलके होता.

गेज (हवेचा दाब दाखवणारा काटा) आणि ऑक्टोपस (श्वासाची जादा नळी) लोंबू देऊ नका, क्लिपने छातीशी अडकवा. फ्रॉग किक, म्हणजे बेडकासारखे पाय मारणं, वापरा. हातमोजे नकोत, ते घातले की हात आपसूक खडक धरतो.

नांगर_नको
होडीवाल्याला दोनच प्रश्न. होडी बोयाला (पाण्यात कायम तरंगत्या पिंपाला) बांधता की नांगर टाकता? टाकत असाल तर वाळूवर की खडकावर? आणि माशांना पाव-बिस्किटं टाकता का? फोटोत गर्दी छान दिसते, पण शेवाळ चरणारे मासे पावाच्या नादी लागले की शेवाळ माजून प्रवाळाची जागा बळकावतं. बुकिंग करतानाच "पाव नको" सांगा, होडीत बसल्यावर सांगून उपयोग नाही.

मालवण १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही पिशवीत घालायचा नाही.

सनस्क्रीनमध्ये प्रवाळाला घातक मानली जाणारी ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं नकोत. हवाईत त्यांची विक्री २०२१ पासून बंद आहे. त्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा लायक्रा (अंगाला घट्ट बसणारा पोहण्याचा शर्ट) घाला, मग क्रीम चेहरा आणि मानेपुरतंच लागतं.

समुद्रवेडी
सर्वांचे आभार. नवऱ्याला भरघोस मिशी आहे, मास्कच्या कडेला व्हॅसलीन लावू का?

खडपकर
अनेक जण लावतात, पण मला पटत नाही. ते हाताला, मग काचेला लागतं आणि सगळं धूसर. नाकाखालची बोटभर मिशी बारीक करायला सांगा. ऐकले तर!

शून्य_गुरुत्व
अवांतर: परतताना आंबोली घाटाने जाणार असाल तर डाइव्ह शेवटच्या दिवशी ठेवू नका. स्कुबा डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी ठेवायचं अंतर, म्हणजे एका डाइव्हनंतर १२ तास आणि एकाहून जास्त असतील तर १८, साधारण ६०० मीटरच्या वर चढतानाही पाळतात. आंबोली ६९०च्या आसपास आहे. स्नॉर्केलिंगला ही अट नाही.