केनियातले मिशनमित्र: परत आल्यावर मैत्री टिकवायची कशी?

मोदीकर: जय ख्रिस्त. आमच्या तरुण संघातली पोरं तीन आठवड्यांच्या सेवेसाठी नैरोबीला चाललीत. तिथं जुळलेली मैत्री सोलापूरला परतल्यावर महिन्यात विरते. काय करावं? सोलापुरी चादर पाठवली तर?

सातरस्ता: ग्रुप कॉलवर विसंबू नका. तीसजणांत कोणीच बोलत नाही. दोघादोघांची जोडी लावा, वार ठरवा. नैरोबी आपल्यापेक्षा अडीच तास मागे. इथले रात्री साडेनऊ म्हणजे तिथं सात. प्रार्थनेचे विषय वहीत लिहा, पुढच्या वेळी जोडीदाराच्या आईचा गुडघा नावानिशी विचारता येतो.

शेंगाचटणी: चादर जरूर पाठवा, पण तिथं टपाल बहुधा पी.ओ. बॉक्सवर येतं. बॉक्स नंबर, पोस्टल कोड, मोबाईल तिन्ही घ्या. कस्टम फॉर्मवर नुसतं ‘गिफ्ट’ नको. ‘सुती चादर, १ नग’, वजन, किंमत लिहा. चटणी त्याच खोक्यात कोंबू नका, तेल सुटून चादरीला डाग पडतात!

सातरस्ता: आणि पैसे. तिकडून कोणी मंडळीसाठी, म्हणजे आपल्या चर्चसाठी, देणगी देतो म्हटलं, तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय घेऊ नका, कुणाच्या खासगी खात्यातही नाही. मैत्री राहते बाजूला, पास्टरसाहेब अडचणीत.