बालकवींचा पारवा कोणाच्या दुःखाचा?

प्रश्न:
‘आनंदी आनंद गडे’ लिहिणाऱ्या बालकवींनी (१८९०–१९१८) ‘पारवा’ही लिहिली. पडक्या धर्मशाळेच्या कौलांवर बसून पारवा एकटाच खिन्न गीत गातो, आणि भोवती माध्यान्हीच्या उष्ण झळा असतात. संस्कृत काव्यशास्त्र अशा निसर्गाला उद्दीपन विभाव, म्हणजे माणसाची भावना चेतवणारी सामग्री मानते. परंतु येथे ज्याची भावना चेतवावी तो माणूस, पारव्याशी बोलणाऱ्या आवाजापलीकडे, समोर येत नाही. मग पारव्याला कवीमनाचे प्रतीक म्हणावे काय?

प्रतिसाद १:
आधी पक्ष्याची निवड पाहावी. चातक आला की मेघ आणि प्रतीक्षा आलीच, इतका त्याचा अर्थ परंपरेने ठरवून टाकलेला आहे. पारव्यावर असे ओझे नाही. पडक्या भिंतींत, जुन्या विहिरींत तो खरोखरच राहतो आणि त्याचा एकसुरी आवाज रिकाम्या वास्तूत घुमत राहतो, म्हणून मला येथे प्रतीकाआधी निरीक्षण दिसते. शिवाय कवीने सायंकाळ टाळून भर दुपार निवडली आहे. उदासीला काळोखाची सोय न देता तिला रखरखीत उन्हात उभे करणे, हे मला या कवितेचे सर्वांत मोठे धाडस वाटते.

प्रतिसाद २:
निरीक्षण मान्य, पण नर पारवा घुमतो तो बहुधा मादीला रिझवण्यासाठी, तेव्हा त्यात खिन्नता ऐकणारा कान कवीचाच आहे. तुलनेसाठी रेव्हरंड टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य!’ घ्यावी, बालकवी काही काळ नगरला त्यांच्याच घरी राहत होते. तेथे जखमी पक्षीण पिलांसाठी घरट्याकडे धडपडते, त्यामुळे दुःख तिचे स्वतःचे आहे, त्याचे कारण उघड आहे आणि अपराधी माणूसही उघड आहे. पारव्याच्या दुःखाला असे कारणच दिलेले नाही, म्हणून ते सहज कवीचे आणि वाचकाचेही होते.

प्रतिसाद ३:
ज्ञानदेवांच्या विराणीतला, म्हणजे विरहगीतातला, काऊ विसरू नये. विरहिणी त्याच्या कोकण्यात, म्हणजे ओरडण्यात, पंढरीरायाच्या येण्याचा शकुन ऐकते आणि त्याला दहीभाताची उंडी देऊ करते. दशक्रियेला मात्र त्याच कावळ्याने पिंडाला शिवावे म्हणून घरचे लोक ताटकळतात. पक्षी एकच, पण एकीकडे भेटीची आशा आणि दुसरीकडे निरोप. म्हणून पारवा म्हणजे दुःख असे समीकरण मांडता येणार नाही. त्याला ती धर्मशाळाच दुःखी करते: वाटसरूंसाठी बांधलेली आणि आता वाटसरूच नसलेली.