उशिरा दिलेली तक्रार आणि साक्षीची विश्वासार्हता

नात्यातल्या माणसाने केलेल्या लैंगिक अत्याचाराची तक्रार उशिरा दिली, तर ‘इतकी वर्षे मुलगी गप्प का राहिली, असा प्रश्न न्यायालय विचारणारच,’ असे म्हटले जाते; ते अर्धेच खरे आहे. प्रश्न विचारला जातो, पण उशीर झाला एवढ्यावरून साक्ष फेटाळता येत नाही. घराच्या अब्रूच्या भीतीने पीडितेचे कुटुंब पोलिसांकडे जायला कचरते, हे सर्वोच्च न्यायालयाने गुरमित सिंग खटल्यात १९९६ मध्येच मान्य केले आहे. वडीलच आरोपी असलेल्या हिमाचल प्रदेशातील आशा राम प्रकरणात उच्च न्यायालयाने दिलेली निर्दोष मुक्तता २००५ मध्ये रद्द झाली, ती मुख्यतः मुलीच्या साक्षीवर विश्वास ठेवूनच. अर्थात पीडितेच्या साक्षीला दुसऱ्या पुराव्याच्या पुष्टीची गरज नसते, याचा अर्थ साक्ष तपासलीच जात नाही असा नव्हे. पहिल्या जबाबापासून उलटतपासणीपर्यंत मूळ हकिकत टिकते का, हे न्यायाधीश बारकाईने पाहतात. तारखा-वेळांतील किरकोळ तफावत मात्र सहसा घातक ठरत नाही.

आणखी एक मुद्दा असा, की पीडित अठरा वर्षांखालील असेल तर पोक्सो (बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण) कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे बचावपक्षाच्या वकिलाला तिला थेट प्रश्न विचारता येत नाहीत. ते विशेष न्यायालयाकडे द्यावे लागतात आणि न्यायालय ते मुलीला विचारते. नात्यातल्या आरोपीसमोर बोलताना (कायद्याने तिला तो दिसू नये अशी व्यवस्था करायची असते) या तरतुदीचा आधार मोठा असतो, पण ती प्रत्यक्षात पाळली जावी यासाठी सरकारी वकिलाने जागरूक राहावे लागते.